मूळ बैल कुठाय?

शेषरावच्या बी.एस्सी.चा निकाल लागून पंधरा दिवस झाले होते आणि घरात जेवायला बसायला जागा उरली नव्हती. साऱ्या जमिनीवर चार अर्ज पसरले होते. एक नागपूरचा, एक पुण्याचा, एक हैदराबादचा आणि एक मुंबईचा. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर काही ना काही ठेवलेलं होतं. नागपूरवर वरवंटा, पुण्यावर अडकित्ता, हैदराबादवर मिठाची बरणी. मुंबईवर काहीच नव्हतं, तरी ती उडत नव्हती, कारण तिच्यावर खुद्द शेषराव बसला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

"भाऊ, ऊठ. तू मुंबईवर बसून राह्यला," विजयमाला म्हणाली.

विजयमाला ही त्याची धाकटी बहीण. यंदा दहावीत गेलेली, अक्षरात शाळेत पहिली आणि नुकतीच वर्गाची मॉनिटर झालेली. मॉनिटर झाल्यापासून तिला जिथं जावं तिथं पसारा दिसायचा, आणि दिसला की तो आवरल्याशिवाय राहवायचं नाही. चारही अर्ज तिनंच भरले होते, कारण शेषरावचं अक्षर त्याचं त्यालाही दुसऱ्या दिवशी लागत नसे.

शेषराव त्यांच्या वस्तीतलाच नव्हे, अख्ख्या गावातला पहिला बी.एस्सी. विषय फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स. यातला दुसरा विषय त्याच्या कॉलेजनं त्याच्या शेवटच्या वर्षीच सुरू केला होता. कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. सरांनी तो फळ्यावर खडूनं काढून दाखवला होता. वर्षाच्या शेवटी सगळ्या पोरांना नागपुरातल्या एका ऑफिसात नेऊन काचेपलीकडचा खरा कॉम्प्युटरही अकरा मिनिटं दाखवला होता, चपला बाहेर काढायला लावून. त्या अकरा मिनिटांवर शेषराव पहिल्या वर्गात पास झाला होता.

आता पुढं काय, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. फिजिक्सच पुढं शिकायचं तर नागपूर. हवामानाचं शिकायचं तर पुणं. जमिनीच्या पोटात काय आहे ते यंत्रानं शोधायचं तर हैदराबाद. आणि कॉम्प्युटर शिकायचा तर मुंबई. चारही ठिकाणचा अर्ज पोचायची मुदत आठ दिवसांवर आली होती. यातलं काहीच जमलं नाही, तर कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या गेटावर बसून मजुरांची हजेरी घ्यायची. मामानं तिथं शब्द टाकून ठेवला होता. पण एकदा गेटावर बसलेला माणूस पुन्हा पुस्तकाकडं वळत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मामाच्या शब्दाचं नाव कोणी काढत नव्हतं.

"पण थो काम्पुटर नेमकं काय करते रे?" भागिरथाबाईंनी भाकर थापता थापता पोराला विचारलं.

"सांगतलं ते करते, माय. जसं सांगतलं तसंच. सोताच्या मनानं काई नाई. थकत नाई, कटाळत नाई, काहून म्हणून इचारत नाई."

"मंग त्यात नवीन काय? एक आपल्या घरी हायेच." त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

पंजाबराव, म्हणजे शेषरावचे वडील, गावच्या गुरांच्या दवाखान्यात बारा वर्षं शिपाई होते. त्यांना सुपारी खायची होती. त्यांनी अडकित्ता उचलला आणि पुणं उडून थेट चुलीकडं निघालं. विजयमालानं झेप घालून ते पकडलं.

"बाबा, आताच भाऊचं हवामान जळलं असतं."

"मले काय ठाऊक, अडकित्ता कामावर हाय म्हणून."

तेवढ्यात दारात सोमला नाईक आला. तांड्यावरचा जुना गडी, पंजाबरावांचा दोस्त. त्याला कारंज्याच्या बाजारात बैल विकायचा होता आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला पाहिजे होता. पण अर्ज दिसल्यावर तो बैल विसरून खाली बसला.

"हैद्राबादले धाडा पोराले," तो म्हणाला. "त्या मशीनीत जमिनीतलं पानी दिसते म्हंतेत. आमच्या तांड्यावर तीन हिरी खांदल्या, तिन्ही कोरड्या."

"पानी नाई दिसत, काका. खाली दगड कसा हाय ते समजते," शेषराव म्हणाला.

"दगड तं आमाले बी दिसते. त्याले हैद्राबाद कायले पायजे?"

मागोमाग पोस्टमास्तर माणिकराव आले. ते पुण्याच्या बाजूचे होते. "हवामान खातं घे बापू. सरकारी नोकरी. रोज सकाळी रेडिओवर तुह्या नावानं अंदाज सांगतीन."

"बिलकुल नाई," भागिरथाबाईंनी तवा खाली आपटला. "यानं पाऊस सांगतला अन् नाई आला, तं अख्खं गाव माह्या दारात येईन. नागपूरच बरं. डबा तं धाडता येते."

"अन् तुले काय वाटते?" पंजाबरावांनी शेवटी ज्याचा प्रश्न होता त्याला विचारलं.

शेषरावनं चारही अर्जांकडं आळीपाळीनं पाहिलं. गेले पंधरा दिवस तो हेच करत होता. "मले चारही बरोबर वाटते," तो म्हणाला. "म्हणजे, चारही चूक बी वाटते."

"मंग चारही धाडू," विजयमाला म्हणाली. "ज्याचं बोलावणं येईन, तिकडं भाऊ जाईन. आपल्याले ठरवता येत नाई, तं त्याइले ठरवू द्या."

एवढा सोपा तोडगा आपल्याला कसा सुचला नाही, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं.

पण चार अर्ज म्हणजे वीस नकला. मार्कांचे कागद, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, असे पाच कागद प्रत्येक अर्जाला जोडायचे होते. मूळ कागद एकच, म्हणून त्याची टाईप केलेली नक्कल. आणि ती नक्कल खरी आहे, असं लिहून गॅझेटेड अधिकाऱ्यानं सही-शिक्का द्यायला हवा. पाच कोसांच्या आत गॅझेटेड अधिकारी एकच होते, गुरांचे डॉक्टर. गावातल्या सगळ्या शिकलेल्या पोरांचं खरेपण आजवर त्यांनीच तपासलं होतं.

दवाखान्याची रीत अशी होती की डॉक्टरसाहेब सही करायचे आणि शिक्का पंजाबराव मारायचे. शिक्के दोन होते. एकाच मापाचे, एकाच लाकडाचे. एकावर होतं, 'मूळ प्रतीवरून तपासले. खरी नक्कल.' दुसऱ्यावर होतं, 'तपासले. जनावर निरोगी आहे. बाजारात नेण्यास हरकत नाही.' खाली दोन्हींवर 'पशुवैद्यकीय अधिकारी'. शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात आणि वर शाईचा थर बसलेला, त्यामुळं ती वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. पंजाबरावांनी ओळखीसाठी दांड्यांना धागे बांधले होते. जनावराला लाल, कागदाला हिरवा. बारा वर्षं त्यांचा हात धागा पाहून चालत होता आणि एकदाही चुकला नव्हता.

तो चुकला, त्याचं कारण रविवार. रविवारी दुपारी विजयमाला वडिलांची भाकर घेऊन दवाखान्यात गेली. पंजाबराव मागच्या अंगाला एका म्हशीला दवा पाजत होते. टेबलावर ते दोन शिक्के दिसले, शाईनं माखलेले, धाग्यांचा रंग ओळखू येईना असे. मॉनिटरला राहवेना. तिनं घासलेटमध्ये चिंधी बुडवून शिक्के स्वच्छ केले, धागे सोडले, साबणानं धुतले, खिडकीच्या गजावर वाळवले आणि परत बांधताना क्षणभर थांबली. कोणता कोणाचा होता? तिनं विचार केला. जनावर हिरवं खाते, म्हणजे जनावराला हिरवा. उरलेला लाल कागदाला. तिनं दोन्ही धाग्यांना छान गाठी मारल्या आणि वडिलांना काही सांगितलं नाही, कारण केलेलं चांगलं काम बोलून दाखवू नये, असं तिनं परवाच निबंधात लिहिलं होतं.

सोमवारी डॉक्टरसाहेबांना फार घाई होती. दूरच्या गावांत लाळ-खुरकताची साथ आली होती.

"किती कागद आहेत हो, पंजाबराव?"

"वीस जी. अन् सोमलाच्या बैलाचा एक."

"मुलगा एकच ना?"

"एकच जी. जागा चार हायेत."

डॉक्टरांनी एकवीस सह्या केल्या. पंजाबरावांनी नकला आधीच उलट्या करून ठेवल्या होत्या. पोराच्या मार्कांवर शाईचा डाग नको, म्हणून सही-शिक्का मागच्या कोऱ्या बाजूला. त्यांनी लाल-हिरवं पाहिलं, हिरव्याचा शिक्का उचलला आणि वीस वेळा मारला. मन लावून मारला. एकेकावर फुंकर घातली. मग लाल धाग्याचा उचलून बैलाच्या दाखल्यावर मारला. विजयमालानं नकला सरळ करून, मार्क वर येतील अशा, चार लिफाफ्यांत घातल्या. तीनच्या एस.टी.नं टपालाची थैली कारंज्याला गेली. बैल सोमलासोबत पायी गेला.

बुधवारी सकाळी बैल परत आला. सोबत सोमलाही होता, तोंड पाडून. त्यानं बैल पंजाबरावांच्या दारातल्या खुंट्याला बांधला आणि पागोट्यातून दाखला काढून विजयमालाच्या हातात दिला.

"वाच बाई."

विजयमालानं खणखणीत आवाजात वाचलं. "पांढरा बैल, वय सहा वर्षं, शिंगं मागं वळलेली. मूळ प्रतीवरून तपासले. खरी नक्कल."

बैलानं शेपूट हलवली.

"बाजारातल्या बाबूनं हे वाचलं," सोमला म्हणाला. "मंग बैलाकडं पायलं. मंग मले म्हंते, हा नक्कल हाय, तं मूळ बैल कुठाय? मी म्हणलं, साहेब, हाच मूळ. तो म्हंते, दाखल्यात तं नक्कल लिवेल हाय, गॅझेटेड सही हाय, मी कसा नाई म्हणू? मूळ बैल आन अन् मंग हा इक. लोकं जमली गा, पंजाबभाऊ. एक जण बैलाच्या मांगून पाहून आला, कुठी जोड दिसते का म्हणून."

पंजाबरावांचा चेहरा उतरला. "म्या लाल धाग्याचाच मारला. लाल जनावराचा." मग त्यांचा हात हळूहळू छातीवर गेला. "मंग हिरवा कोणता व्हता?"

तो कोणता होता, हे विजयमालाला त्यांच्या आधी कळलं. तिच्या डोळ्यांपुढं चार लिफाफे आले आणि त्यांत वीस शेषराव, सगळे तपासलेले, निरोगी, बाजारात न्यायला हरकत नसलेले. ती पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेली आणि घरात कोणाला न सांगता सरळ दवाखान्यात गेली. टेबलावर शिक्के होते. तिनं घाईघाईनं धागे सोडले, लालच्या जागी हिरवा, हिरव्याच्या जागी लाल बांधला आणि घरी आली.

इकडं सगळे माणिकरावांच्या पोस्टात जमले होते.

"लिफाफे वापस बोलवा, मास्तर," शेषराव म्हणाला. त्याचा आवाज गेटावर बसलेल्या माणसासारखा येत होता.

"पेटीत टाकलेलं पत्र सरकारचं होते, बापू. वापस पायजे तं अर्ज कर. अन् अर्ज करणारा तूच, याचा दाखला जोड."

"कोणाचा?"

"गॅझेटेड अधिकाऱ्याचा," माणिकराव म्हणाले आणि मग त्यांनाच वाईट वाटलं.

डॉक्टरसाहेबांना सांगायला गेले तेव्हा ते औषधांची पेटी घेऊन एस.टी.ची वाट बघत होते. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे पंजाबराव, एक माणूस जनावर म्हणून निरोगी आहे, असं मी सहीनिशी चार संस्थांना कळवलं?"

"हो जी. वीस डाव."

डॉक्टर भले होते. त्यांनी तिथंच बाकावर बसून चार पोस्टकार्डं लिहिली. 'श्री. शेषराव यांच्या नकलांवर नजरचुकीने भलताच शिक्का उमटला आहे. तो रद्द समजून खाली उमटवलेला शिक्का ग्राह्य धरावा.' चार सह्या केल्या. "शिक्का मारून आजच्याच थैलीत टाका. आणि या वेळी नीट बघून." एवढं म्हणून ते समोरून आलेल्या इंझोरीच्या गाडीत चढले आणि गेले.

कारंज्याची गाडी यायला दहा मिनिटं होती. पंजाबराव धावत दवाखान्यात गेले. दोन्ही शिक्के उचलले. दारातच थांबून, मोठ्या निश्चयानं, त्यांनी दोन्ही धागे सोडले आणि अदलाबदल करून बांधले. आता चूक राहायचा सवालच नव्हता. शिक्के आणि शाई घेऊन ते स्टँडवर आले तेव्हा गाडीचं इंजिन घुरघुरत होतं आणि कंडक्टर थैली मागत होता.

"मारा लवकर, पंजाबराव," माणिकराव थैलीचं तोंड उघडं धरून म्हणाले.

पंजाबरावांनी हिरव्या धाग्याचा शिक्का घेतला आणि मांडीवर ठेवून चार कार्डांवर मारला. ठप, ठप, ठप, ठप. एकेक कार्ड थैलीत गेलं. विजयमाला धावत आली तेव्हा चौथं कार्ड आत जात होतं. तिनं एकच शब्द वाचला. निरोगी.

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत ती तशीच उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी धागे बदलले का?"

"मंग? बदललेच. आता काई धोका नाई."

"मी बी बदलले व्हते. सकाळी."

पंजाबरावांनी हातातले शिक्के एकदा उलटे, एकदा सुलटे करून पाहिले. "अन् त्याच्या आंधी?"

"त्याच्या आंधी बी मीच. रविवारी. धुतले व्हते."

भागिरथाबाई तिला रागावतील, असं सगळ्यांना वाटलं. त्या रागावल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी चुलीतली जळती काडी काढली, जनावराच्या शिक्क्याच्या दांड्यावर दोन शिंगं डागली आणि दोन्ही धागे चुलीत टाकले. "आता रंग नको अन् गाठ नको. शिंगं दिसले का जनावर."

एरवी काय करावं या गोंधळात असलेला शेषराव आता आपण कोण, या गोंधळात पडला होता. अर्जांत तो निरोगी जनावर होता. दुरुस्तीच्या पत्रानं ते रद्द झालं होतं आणि खाली पुन्हा तेच कायम झालं होतं. विजयमाला दारापाशी बसून होती. रात्री जेवताना तिनं भाकरीचा तुकडाही मोडला नाही, तेव्हा तोच तिला म्हणाला, "जेव वं. तुले वाटलं ते साफ करा म्हणून केलं तूनं."

"तुहं वर्ष गेलं माह्यानं."

"माह्यानं बी गेलं असतं. मी कोणता अर्ज धाडा, हेच ठरवून राह्यलो असतो अजून."

वाट पाहण्यात तीन आठवडे गेले. पहिल्यांदा नागपूरचा लिफाफा परत आला. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'साक्षांकन अयोग्य.' भागिरथाबाईंनी लोणच्याची बरणी खाली उतरवली होती, ती परत फळीवर ठेवली. मग पुण्याचा आला, तसाच. हैदराबादवाल्यांनी अर्ज परत करून सोबत एक चिठ्ठी जोडली होती, की हा अर्ज बहुधा दुसऱ्या खात्याचा असावा. सोमलाला फार वाईट वाटलं. "पानी हातचं गेलं," तो म्हणाला. शिंगवाल्या शिक्क्याच्या नव्या दाखल्यावर त्याचा बैल मात्र पुढच्याच बाजारात विकला गेला होता. मूळ बैल पाहायला लोकांनी गर्दी केली होती म्हणे.

मामाचा निरोप आला की सोमवारपासून गेटावर ये. शेषरावनं कपड्यांना इस्त्री केली. शनिवारी माणिकराव स्वतः पत्र घेऊन घरी आले. मुंबईचं होतं. पंजाबरावांनी ते उघडलं नाही, नुसतं हातात धरलं.

"वापस आलेला लिफाफा जाड असते," विजयमाला म्हणाली. "हा पातळ हाय. भाऊ, खोल."

मुलाखतीचं बोलावणं होतं.

शेषराव मुंबईला गेला तेव्हा त्याला निरोप द्यायला अर्धं गाव आलं होतं, आणि प्रत्येकानं त्याला एकच गोष्ट सांगितली होती, की शिक्क्याचं नाव काढू नको. पाचव्या दिवशी तो परत आला. एस.टी.तून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काहीच समजत नव्हतं, पण ते नेहमीचंच होतं.

"काय इचारलं?" विजयमालानं वाटेतच विचारलं.

"शिक्क्याचं."

"अन् फिजिक्सचं?"

"काई नाई. पाच साहेब बसेल व्हते. मधला बुढा, पांढऱ्या मिशीचा. त्याच्यासमोर माह्या नकला, साऱ्या उलट्या. वरतून डॉक्टरसाहेबाचं कार्ड. मले म्हणे, हे एकदा झालं असतं तं आमी फेकून देलं असतं. चूक दुरुस्त करा म्हणून पत्र धाडलं अन् तीच चूक पुन्हा केली, हे कसं जमलं ते आमाले समजून घ्यायचं हाय. म्हणून बोलावलं."

"मंग?"

"मंग मी सांगतलं. सारं. बाबा शिक्का वाचत नाई, धागा पाह्यतेत. धागा जसा सांगते तसं करतेत. बारा वर्षांत चूक नाई. मंग बहिणीनं धागे बदलले. बाबांनी आपलं काम बरोबर केलं, पण धागा चुकीचा व्हता. मंग तिनं गुपचूप बदलले, बाबांनी बी गुपचूप बदलले, दोन डाव बदललं म्हणजे चूक जिथल्या तिथी. बुढा उठून उभा राह्यला. फळ्यापाशी गेला, मले खडू देला, म्हणे, इथी काढ. मी दोन शिक्के काढले, दोन धागे काढले, बाण काढले. तो बाकीच्याइले म्हंते, पाहा, यंत्रात बी हेच होते. यंत्र वस्तू पाह्यत नाई, वस्तूले बांधेल धागा पाह्यते. मी हे पोराइले समजवाले सहा महिने घेतो."

पंजाबराव हे सगळं मान खाली घालून ऐकत चालले होते. "मंग मले काय म्हणलं त्यानं?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणे, तुह्या बाबांची काईच चूक नाई."

पंजाबरावांनी मान वर केली.

"अन् मंग इचारलं, आता ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं? मी सांगतलं, मायनं दांड्यावर शिंगं डागली. तं तो बुढा म्हंते, तिनं अर्ज काहून नाई केला?"

भागिरथाबाईंनी चालता चालता पदर सावरला. "मले कुठी येळ हाय," त्या म्हणाल्या.

प्रवेशाचं पत्र आठवड्यानं आलं. मामाला जिनिंगसाठी दुसरा माणूस पाहायला सांगितलं. विजयमालानं पत्र अंगणात उभं राहून वाचलं, माणिकराव आणि सोमलासकट सगळ्यांना ऐकू जाईल असं. येताना आणायच्या कागदांची यादी होती. एक, मार्कांचे मूळ कागद. दोन, शाळा सोडल्याचा मूळ दाखला. तीन, जातीचा मूळ दाखला. चार, प्रकृती निरोगी असल्याचा डॉक्टरी दाखला.

तिथं ती थांबली.

"काय झालं? वाच ना," शेषराव म्हणाला.

"चौथ्यावर काट मारेल हाय. बाजूले शाईनं लिवलं हाय."

"काय लिवलं हाय?"

"पूर्वीच मिळाला. सहा प्रती."

पंजाबरावांनी पत्र हातात घेतलं, ती ओळ बोटानं शोधली आणि दोनदा वाचली. मग ते अंगणातल्या खुर्चीत असे ताठ बसले, जसे बारा वर्षांत बसले नव्हते. भागिरथाबाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा समोर उभ्या विजयमालाकडं, आणि सूप हातात घेत म्हणाल्या, "आयकता का, तीन वर्षांनं हिचा बी अर्ज जाईन. तिच्या येळेले दोन्ही शिक्के मारजा. कोणता तरी लागन."